एका काचेतील बिऱ्हाडे



मत्स्यालयावर बोलण्याचा या माणसाला काय अधिकार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्तच आहे. माझे आयुष्य मोंढ्यातील हमाल आणि जिनिंगमधील कामगार यांच्या संघटनेत गेले. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, संध्याकाळचा दिवा जाईपर्यंत. प्राणिशास्त्र मी कोणाजवळ शिकलो नाही. परंतु एक गुन्हा माझ्या हातून घडला, आणि त्या गुन्ह्याच्या चौकशीतून हा विषय माझ्या गळ्यात पडला.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाला एका सज्जनांनी काचेची मोठी टाकी भेट दिली. लांबी पाच फूट, रुंदी दोन, उंची दोन. पाणी भरले तर साधारण साडेपाचशे लिटर. टेबलावर ती ठेवायला आमची हमाल मंडळी आली, तेव्हा त्यांनी पहिला हिशेब वजनाचा केला. पन्नास किलोची अकरा पोती एका टेबलावर राहतील काय, असे त्यांनी विचारले, आणि टेबल बदलायला लावले. त्या दिवशी शहाणपणाची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट झाली. मासे कोणते आणायचे यासाठी मी समिती सुचवली. समितीत सात जण होते, आणि प्रत्येकाने आपल्याला आवडेल तो मासा निवडला. कोणी गोल्डफिश आणला, कोणी परांचा एंजल, कोणी पट्ट्यांचे टायगर बार्ब, कोणी निळे-लाल चमकणारे निऑन, वीसच्या वीस. एका सभासदाने ऑस्कर नावाचा बोटभर मासा आणला. तो फार गरीब दिसतो असे त्याचे म्हणणे होते. दुकानदाराने 'हा टाकी साफ ठेवतो' म्हणून काळा, चिवट, काचेला तोंडाने चिकटणारा सकर वरून दिला.

दुसऱ्या सकाळी वीस निऑनांपैकी अकरा उरले होते. तिसऱ्या दिवशी तीन. मेलेला एकही सापडला नाही. पाचव्या दिवशी गोल्डफिशांच्या शेपट्या फाटलेल्या कापडासारख्या झाल्या. नवव्या दिवशी पाणी दुधट झाले, आणि जे एकमेकांच्या तावडीतून वाचले होते ते वर येऊन तोंडे उघडू लागले. लहान मुले टाकीपुढे उभी राहून हे सर्व पाहत होती. त्यांपैकी एका मुलीने मला विचारले, "काका, तुम्ही यांना एकत्र का ठेवलं?" मला उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान हे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

कोणता मासा कोणाबरोबर नांदतो, हे माणसाला केव्हापासून ठाऊक आहे? मी आधी विलायती पुस्तकांत शोधू लागलो. परंतु सर्वांत जुना धागा आपल्याच मुलुखात निघाला. कल्याणीचे चालुक्य, ज्यांच्या राज्यात हा आपला गोदावरीकाठचा प्रदेश होता, त्यांच्यातील तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख ज्या ग्रंथात आहे म्हणून मराठीचे अभ्यासक त्याचे नाव नेहमी घेतात, तोच हा. त्याच्या शंभर अध्यायांत राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सर्व आहे, आणि त्यांतच एक मत्स्यविनोद आहे. हा विनोद म्हणजे गळाने मासे धरण्याचा राजाचा खेळ. परंतु खेळाआधी सोमेश्वर माशांची जंत्री देतो. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, नुसत्या कातड्याचे कोणते. मोठे कोणते, लहान कोणते. आणि नंतर कोणत्या माशाला काय चारावे ते सांगतो. कोणाला पिठाचे व तिळाचे गोळे, कोणाला मांसाचे तुकडे.

डॉ. सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्याचे संचालक होते. त्यांनी १९५१ साली हा अध्याय तपासून त्यातील पस्तीसएक माशांची आजच्या शास्त्रीय नावांशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला. माझ्या मते राजाने हे ज्ञान पोथीतून काढलेले नाही. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पाण्यात उभे राहून जाळे टाकले त्यांच्याकडून ते राजवाड्यात आले असले पाहिजे. ग्रंथात त्यांचे नाव नाही, हे ओघानेच आले.

याच गोष्टीची पुनरावृत्ती सातशे वर्षांनी झाली, तेव्हा मात्र पुरावा मागे राहिला. कर्नल विल्यम सायक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची माहिती गोळा करीत फिरत होता. भीमा, मुळा-मुठा या नद्यांतील मासे त्याने पाहिले, त्यांची चित्रे काढून घेतली, आणि १८३९ च्या सुमारास त्यांना शास्त्रीय नावे दिली. ही नावे लॅटिन पद्धतीची असली, तरी त्यांचा दुसरा शब्द कानाला ओळखीचा लागतो. टॉर खुद्री, लेबिओ पोटैल, गारा मुल्या, तसेच नुक्ता, फुलुंगी, बोगट, कोलुस. ही आपल्या भोई-कोळ्यांच्या तोंडची नावे आहेत. जगातल्या कोणत्याही संग्रहालयात बाटलीतल्या माशाच्या चिठ्ठीवर आज ती वाचायला मिळतात. भोयांनी या साहेबाला केवळ नावेच सांगितली असतील आणि तो मासा काय खातो, कोणत्या डोहात राहतो, कोणाला भितो हे सांगितले नसेल, असे मला वाटत नाही.

असो. तळे आणि नदी मोठी असते. भ्यालेल्या माशाला पळायला जागा असते. काचेत तो प्रश्न नवा झाला. काचेत मासे जगवण्याचे शास्त्र जन्मले लंडनमध्ये, आणि तेही एका रसायनशास्त्रज्ञाच्या हातून. रॉबर्ट वॉरिंग्टनने १८४९ साली बारा गॅलनच्या, म्हणजे सुमारे ५५ लिटरच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि तळाशी व्हॅलिस्नेरिया नावाचे पाण्यातील लांब पात्यांचे गवत लावले. वनस्पती प्राणवायू देईल, मासा तो घेईल, असा त्याचा हिशेब. काही दिवसांनी गवताची जुनी पाने सडू लागली, काच हिरवी झाली, पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडका पाला खाल्ला आणि पाणी पुन्हा निवळले. १८५० मध्ये त्याने हा वृत्तांत छापला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याच्या पुस्तकाने इंग्लंडात घरोघरी काचपेट्यांचे वेड पसरवले. वेड ओसरले तेव्हा बहुतेक पेट्या फर्नच्या कुंड्या झाल्या असतील. आमच्या टाकीवर तीच वेळ आली होती.

वॉरिंग्टनचा प्रयोग मी दोनदा वाचला. दोन मासे, एक गवत, सहा गोगलगायी, एवढेच त्याचे बिऱ्हाड. आणि तरीही, सांडपाणी काढणारा आल्यावाचून ते चालले नाही! तथापि एक गोष्ट त्यालाही दिसली नव्हती, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. माशाच्या मलमूत्रातून आणि उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विष आहे. एका जातीचे सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात, जे माशाला पुष्कळ प्रमाणात सोसते. ही दोन हातांची साखळी रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की याने १८९० च्या सुमारास उलगडली. नव्या टाकीत हे जंतू नसतात. वाळूवर, दगडांवर, गाळणीच्या स्पंजात त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही पहिल्याच दिवशी चाळीस मासे सोडले होते. नवव्या दिवशीचे ते दुधट पाणी आणि त्या उघड्या तोंडांचा अर्थ मला हे वाचल्यावर लागला. मासे एकमेकांशी भांडून मेले असे आम्ही म्हणत होतो. निम्मे तर आमच्या उतावीळपणाने मेले.

आता मुंबईकडे वळू. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तारापोरवाला कुटुंबाने त्यासाठी दोन लाख रुपयांची देणगी दिली होती. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी समुद्राचा आणि गोड्या पाण्याचा मासा काचेआड जिवंत असा प्रथम पाहिला तो तिथेच. पुढे इमारत थकली आणि ते बंद झाले. परंतु ते चालू असताना आझाद मैदानावरील एका मोर्चानंतर आमची तीस-चाळीस माणसे मी तिथे नेली होती. पायांत मैदानाची धूळ, गळ्यात फडके. एका म्हाताऱ्या हमालाने तेथील नोकराला विचारले, "हे एकमेकाला खात कसे नाहीत?" नोकर म्हणाला, "बाबा, खाणारा एका पेटीत आणि खाल्ला जाणारा दुसऱ्या पेटीत. एका पेटीत जे आहेत त्यांचं तोंड सारखं." त्या वेळी आम्ही हसलो. पुढे वाचनालयाच्या टाकीसमोर मला ते वाक्य आठवले.

खरे म्हणजे माशांची निवड करण्याचे सर्वांत मोठे शिक्षण या देशाला काचपेटीने दिले नाही. ते दिले शेततळ्याने. कटला, रोहू, मृगळ हे तीन मासे आज आपल्या बाजारात सर्वांच्या ओळखीचे आहेत. यांची निवड डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरात चरतो, त्याच्या ओठांना झालर असते. मृगळाचे तोंड खाली, तो तळाचा गाळ चाळतो. एका तळ्यात तिघे राहतात आणि कोणी कोणाच्या ताटात हात घालीत नाही. चार कटल्यांस तीन रोहू आणि तीन मृगळ असे एक प्रमाण मत्स्यविभागाच्या कार्यकर्त्यांकडून शेतकऱ्यांना पुष्कळ वर्षे सांगितले गेले. पुढे त्यांत चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस हे तीन परदेशी मासे मिळवून सहांचे मिश्र मत्स्यसंवर्धन झाले.

परंतु हे प्रमाण पाळायचे तर निवडलेले बीज हातात हवे. तिथेच घोडे अडले होते, कारण हे मासे साठलेल्या तळ्यात अंडी घालीत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजे पुरातून मत्स्यजिरे गाळून आणायचे. त्या जिऱ्यात कटला-रोहूबरोबर मरळीची, शिवड्याची, म्हणजे खादाड माशांचीही पिले येत. दोरा-दोऱ्याएवढी ती पिले कोण ओळखणार? तळ्यात हजार सोडावीत आणि हंगामाअखेर शंभरच हाती यावीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी के. एच. अलीकुन्ही यांच्यासह माशाच्या मस्तकातील पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून रोहूसारख्या माशांकडून तळ्यातच अंडी घालवून घेतली. तेव्हापासून शुद्ध बीज मिळू लागले. आज १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आपल्या जिंतूर तालुक्यातील पूर्णेवरच्या येलदरी जलाशयात बोटुकली सोडली जातात, त्यांच्यामागे हा सगळा इतिहास आहे.

त्याच दशकात एक चूकही झाली. १९५२ साली आफ्रिकेतला तिलापिया भारतात आणला गेला. आपले मच्छीमार त्याला चिलापी म्हणतात. काटक, काहीही खाणारा, महिन्या-दोन महिन्यांनी पिले देणारा. कागदावर याच्याइतका गुणी मासा नाही. तो तळ्यांतून नद्यांत गेला आणि इतर माशांची जागा व खाद्य त्याने बळकावले. कोणा तज्ज्ञाने त्याला आणताना 'हा काय खातो' हे विचारले होते, 'हा किती होईल' हे विचारले नव्हते.

इतके वाचल्यावर मी पुन्हा टाकीकडे आलो. पण खरा गुरू मला घरचाच भेटला. आमच्या संघटनेत एक वृद्ध सभासद आहेत, जन्माने भोई, गंगाखेडच्या बाजूचे. तरुणपणी गोदावरीत मासे धरीत. पुढे नदीवर ढालेगाव, मुदगल, दिग्रस असे बंधारे झाले, वाहते पाणी उभे राहिले, जुने मासे कमी झाले, आणि ते मोंढ्यात पोती उचलायला आले. मी त्यांना मामा म्हणतो. टाकीची सर्व हकीकत ऐकून ते म्हणाले, "भाऊ, कोनाचं तोंड केवढं हे बगितलं का? ज्याच्या तोंडात जे मावतं, ते त्याचं जेवन. त्यात त्याचा काय कसूर?"

मामांना सोबत घेऊन आम्ही दुसऱ्यांदा मासे निवडले. समिती नव्हती. प्रथम पाणी पाहिले. आपल्या काळ्या दगडातल्या बोअरचे पाणी जड, क्षाराचे. निऑन हा अॅमेझॉनच्या खोऱ्यातील मऊ, किंचित आंबट पाण्याचा मासा; त्याला इथे आणणे म्हणजे पाहुण्याला उपाशी ठेवणे. उलट गप्पी, मोली, प्लॅटी यांना जड पाणी मानवते. गप्पीला तर आपण सगळे ओळखतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिवताप विभाग त्याला विहिरींत सोडतो. मग ऊन पाहिले. परभणीचा मे महिना ४३ अंशांचा. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सातही नाही. आणि उन्हात माशाला तो जास्त लागतो. त्यात दुपारची वीज गेली की हवेचा पंप बंद. म्हणून थंड पाण्याचा आणि दांडगी घाण करणारा गोल्डफिश बाद. टाकीत मावतील तितके मासे ठेवायचे नाहीत, वीज गेल्यावर चार तास जगतील तितकेच ठेवायचे, असा नियम आम्ही केला. पुस्तकात तो मला कुठे सापडला नाही.

नंतर भविष्य पाहिले, म्हणजे मासा मोठा झाल्यावर केवढा होतो ते. बोटभर ऑस्कर वर्षभरात फूटभर होतो, आणि त्याचे तोंडही त्याच मानाने वाढते. एंजल हा दिसायला साधू. पण निऑनासारखा चिमुकला मासा हे त्याचे अन्नच. रात्रीची ती चोरी या दोघांनी मिळून केली होती. टायगर बार्बविषयी मात्र माझे मत बदलले. त्याला भांडखोर म्हणतात. आम्ही तीन आणले होते. हा थव्याने राहणारा मासा. आठ-दहा असले तर ते आपापसांतच पाठलाग करतात, कोण पुढे कोण मागे ते ठरवतात, आणि इतरांच्या वाटेला कमी जातात. तिघांनाच ठेवले की समोरच्या लांब शेपट्या कुरतडतात. 'स्वभाव वाईट' असे आपण ज्याला म्हणतो ते कितीदा जागेचे आणि संख्येचे भांडण असते, हे मी कारखान्याच्या दारात तीस वर्षे पाहत आलो आहे. टाकीसमोर मात्र मी मालकासारखा बोललो होतो. तरीही लांब परांच्या माशाबरोबर टायगर बार्ब ठेवू नयेच.

अखेर थर पाहिले. वरच्या थराला झेब्रा डॅनिओ, बारा. हा आपल्या देशाचाच मासा. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. मधल्या थराला प्लॅटी व मोली. टायगर बार्बऐवजी त्यांच्यापेक्षा शांत असे रोझी बार्ब, दहा. तळाला काय ठेवावे यावर बराच खल झाला. पट्ट्यांची बोटिया, जिला झेब्रा लोच म्हणतात, ती शांत, गोगलगायी खाणारी, मोठ्या टाकीला अगदी योग्य. ती आपल्या सह्याद्रीतली. कृष्णेच्या खोऱ्यातील डोंगरी ओढ्यांत राहते. परंतु तिचे नाव आज संकटात असलेल्या माशांच्या जागतिक यादीत आहे. ओढे आटले, गढूळ झाले, आणि त्यांतून टाक्यांसाठी ती पकडलीही गेली. दुकानदार ती आणून द्यायला तयार होता. ओढ्यातून पकडलेली की टाकीत वाढवलेली, हे त्याला सांगता आले नाही. आम्ही ती घेतली नाही. तळाला कोरिडोरास नावाचे मिशीवाले आठ मासे आले. ते परदेशी आहेत, पण शेतात पैदा केलेले मिळतात आणि जड पाण्यालाही सरावतात.

मासे एकदम सोडले नाहीत. टाकी पाच आठवडे नुसती चालू ठेवली, जुन्या एका टाकीच्या गाळणीतला मळका स्पंज मागून आणून त्यांत घातला, मग दर आठवड्याला एक बिऱ्हाड आणले. हे आधी कळते तर!

राहिला तो सकर. पहिल्या खेपेच्या माशांपैकी तो आणि ऑस्कर एवढेच दोघे वाचले होते. ऑस्कर एका गृहस्थांनी स्वतंत्र टाकीसाठी नेला. सकर आता हातभर झाला आहे. काच तो कधीच साफ करीत नाही. रात्री दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटतो म्हणून त्याला बाहेर काढावा लागला. कोणी म्हणाले, नदीत सोडा, जीव वाचेल. असाच विचार करणाऱ्या दयाळू माणसांमुळे देशातील अनेक नद्या-तलावांत हा दक्षिण अमेरिकेचा मासा पसरला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला किंमत नाही. मामांना मी हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गंगेत नगं, भाऊ. तिथं आधीच काय राहिलंय?"

सध्या तो वाचनालयाच्या मागे सिमेंटच्या हौदात एकटा आहे. त्याला रोज काकडीची फोड घालण्याचे काम त्या मुलीने आपणहून घेतले आहे, जिने मला पहिला प्रश्न विचारला होता. ती आता दहावीला आहे. परीक्षेच्या दिवसांत फोड मी घालतो.